ड्रॉपडाउनमध्ये नसलेली माणसं

गेले काही वीकेंड एकाच विषयावर वाचतोय आणि जितकं वाचतोय तितका चिडतोय. त्यामुळे आजचं लिखाण जरा तिखट असणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

विषय आहे तुर्कस्तानातले अलेवी. आणि चिडायचं निमित्त आहे एक वाक्य. आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या, पेपर वाचणाऱ्या मंडळींत तुर्कस्तानचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "काय मस्त सेक्युलर देश होता यार! अतातुर्कने धर्म आणि सरकार वेगळं केलं होतं. या एर्दोआनने सगळी वाट लावली." सगळे माना डोलावतात, चहा संपतो, मंडळी आपापल्या डेस्कवर परत.

एर्दोआनची वकिली करायला मी बसलेलो नाही, त्याचाही नंबर पुढे लागेल. पण या वाक्याचा पहिला अर्धा भाग साफ खोटा आहे. आणि तो खोटा आहे हे कळायला एक विजेचं बिल पुरतं.

इस्तंबूलच्या येनीबोस्ना भागात अलेवींचं एक मोठं केंद्र आहे. तिथे जेमेवी आहे, म्हणजे त्यांचं प्रार्थनेचं घर. तुर्की कायद्यात अशी सोय आहे की प्रार्थनास्थळांचं विजेचं बिल सरकारी धर्मखात्याच्या निधीतून भरलं जातं. मशिदीचं भरतात, चर्चचं भरतात, सिनेगॉगचं भरतात. या केंद्राने २००६ मध्ये म्हटलं, आमचंही भरा. उत्तर आलं, नाही. का? तर जेमेवी हे प्रार्थनास्थळ नाही. हे ठरवलं कोणी? त्याच सरकारी धर्मखात्याने. कोर्टानेही त्याच खात्याचं मत विचारलं आणि तेच ग्राह्य धरलं. म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर चालतं की नाही याचं सर्टिफिकेट तुमच्या स्पर्धक कंपनीने द्यायचं! शेवटी प्रकरण स्ट्रासबूर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०१४ मध्ये तिथे निकाल लागला, की हा सरळसरळ भेदभाव आहे.

एका लाइट बिलासाठी आठ वर्षं आणि आंतरराष्ट्रीय कोर्ट. आता बोला, सेक्युलर!

ज्यांना अलेवी म्हणजे कोण हेच माहीत नाही (आणि माहीत असायचं काही कारणही नाही) त्यांच्यासाठी थोडक्यात. अलेवी म्हणजे अलीला मानणारे, पण तेवढ्यावरून त्यांना इराणसारखे शिया समजू नका. बहुतेक अलेवी पाच वेळा नमाज पढत नाहीत, मशिदीत जात नाहीत, रमजानचे रोजे धरत नाहीत. त्यांचा उपास मोहरममधले बारा दिवस. त्यांची सामूहिक प्रार्थना म्हणजे जेम. त्यात बायका-पुरुष एकत्र गोलाकार बसतात, देदे नावाचा वंशपरंपरेने आलेला गुरू तो विधी चालवतो, साझ नावाच्या तंतुवाद्यावर पदं म्हटली जातात आणि सेमाह नावाचा फेर धरला जातो. गावातल्या दोघांचं भांडण असेल तर ते मिटल्याशिवाय जेम सुरू होत नाही. आपल्याकडच्या टाळ-मृदंगाशी आणि रिंगणाशी तुलना करायचा मोह मराठी माणसाला होणारच, मलाही झाला. पण तो आवरतो, कारण त्या तुलनेने अलेवी कळण्याऐवजी आपणच आपल्याला पुन्हा एकदा आवडायला लागतो. असो.

त्यांच्यात तुर्की बोलणारे आहेत, कुर्दी आणि झाझा बोलणारेही आहेत. किती आहेत? जनगणनेत पंथ विचारतच नाहीत, त्यामुळे अंदाज लोकसंख्येच्या दहापासून पंचवीस टक्क्यांपर्यंत कुठेही जातात. साडेआठ कोटींच्या देशात! किमान आकडा धरला तरी बेल्जियममधले निम्म्याहून जास्त लोक होतील. आणि हो, सीरियातले अलावी वेगळे. नाव सारखं, अलीवरची श्रद्धा सारखी, पण इतिहास वेगळा, विधी वेगळे. मार्च २०२५ मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावर ज्यांची कत्तल झाली ते अलावी. ही गल्लत आपल्या टीव्हीवाल्यांनी करावी हे समजू शकतो, तुम्ही करू नका.

आता मूळ मुद्द्याकडे.

अतातुर्कने धर्म आणि सरकार वेगळं केलं, असं आपण शाळेत शिकलो. प्रत्यक्षात काय झालं? ३ मार्च १९२४ ला खिलाफत बरखास्त झाली, आणि त्याच दिवशी सरकारने आपलं स्वतःचं धर्मखातं काढलं. त्याचं नाव दियानेत. इमाम कोण, त्याचा पगार किती, शुक्रवारी प्रवचनात काय बोलायचं, हे सगळं दियानेतकडे. याला वेगळं करणं म्हणत नाहीत, याला टेकओव्हर म्हणतात. आणि टेकओव्हर केलेला धर्म एकच, सुन्नी इस्लाम, त्यातही हनफी परंपरा. आज दियानेतच्या पगारपत्रकावर एक लाखाहून अधिक माणसं आहेत आणि त्याचं बजेट कित्येक मंत्रालयांपेक्षा मोठं आहे. हा पैसा करातून येतो. कर अलेवीही भरतात.

पुढचं वर्ष १९२५. कायदा क्रमांक ६७७. सगळे सूफी मठ, दर्गे, तक्ये बंद. त्या कायद्यात कोणकोणत्या पदव्या वापरायला बंदी आहे याची यादीच आहे, आणि त्या यादीत 'देदे' आहे. म्हणजे सुन्नी इमाम सरकारी नोकर झाला आणि अलेवी देदे कायद्याने गुन्हेगार. एकाच वेळी, एकाच सरकारच्या हातून. हा कायदा आजही रद्द झालेला नाही, उलट जेमेवीला मान्यता का देता येत नाही हे सांगताना सरकारी वकील तोच पुढे करत आले आहेत.

यातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट अशी की अलेवींनी तरीही अतातुर्कवर प्रेम केलं. भाबडेपणाने नाही, त्यांच्याकडे उस्मानी साम्राज्याचा अनुभव होता. सोळाव्या शतकात सुलतान सलीमने इराणच्या शाह इस्माईलशी लढायला जाताना अनातोलियातल्या त्यांच्या पूर्वजांवर (तेव्हा त्यांना किझिलबाश म्हणत, म्हणजे लाल टोपीवाले) जे अत्याचार केले, त्याच्या कथा घराघरात चालत आल्या आहेत. मेलेल्यांचा आकडा जुन्या बखरींत चाळीस हजार दिलाय. इतिहासकार त्यावर अजून वाद घालतात. पण खलिफा गेला म्हणजे आपल्या मानेवरचं जू गेलं, असं त्यांना वाटलं तर त्यात नवल नाही. मी जर्मनीत सहा महिने ऑनसाइट होतो तेव्हा ऑफिसजवळ एक तुर्की खाणावळ होती. काउंटरच्या मागे भिंतीवर तीन तसबिरी ओळीने: अली, हाजी बेक्ताश आणि अतातुर्क. हाजी बेक्ताश म्हणजे तेराव्या शतकातला त्यांचा मोठा पीर. त्याचा मठ कोणी बंद केला? शेजारच्या तसबिरीतल्या माणसाने. ही रांग जेमेव्यांमध्येही सर्रास दिसते.

आणि १९३७-३८ चं देरसिम विसरू नका. अलेवी कुर्दांचा, झाझांचा डोंगराळ प्रांत. नाव बदलून तुंजेली केलेला. तिथे सैन्याने जे केलं त्यात सरकारी कागदांप्रमाणेच तेरा हजारांवर माणसं मेली. तेव्हा एर्दोआन जन्मलेला नव्हता. सत्तेवर होता अतातुर्कचाच पक्ष, एकमेव पक्ष. गंमत म्हणजे २०११ मध्ये देरसिमबद्दल सरकारच्या वतीने माफी मागितली ती एर्दोआनने. (त्यात विरोधी पक्षाला टोमणा मारायचा हिशेब होता हे उघड आहे, पण रेकॉर्डवर आहे ते आहे.)

माझं रोजचं काम डेटाबेसचं, त्यामुळे मला हे प्रकरण ओळखपत्राच्या उदाहरणातून सगळ्यात स्वच्छ दिसलं. तुर्की ओळखपत्रावर धर्माचा रकाना असायचा. मुसलमान घरात जन्मलात की 'इस्लाम' आपोआप भरलेलं, डिफॉल्ट व्हॅल्यू. इझमीरच्या सिनान इशिक या गृहस्थांनी २००४ मध्ये कोर्टात अर्ज केला, की माझ्या कार्डावर 'अलेवी' लिहा. कोर्टाने काय केलं असेल? बरोबर, दियानेतला विचारलं! दियानेत म्हणाली अलेवी हा इस्लामातलाच एक उपप्रकार आहे, वेगळी नोंद नको. अर्ज फेटाळला. स्ट्रासबूर्गने २०१० मध्ये जो निकाल दिला तो मला फार आवडला. ते म्हणाले, या रकान्यात काय भरायचं हा प्रश्नच नाही, असा रकाना कार्डावर असणंच चूक आहे. म्हणजे व्हॅल्यू दुरुस्त करू नका, स्कीमा दुरुस्त करा. पुढे नवीन चिपवाली कार्डं आली, त्यांच्यावर धर्म छापलेला नसतो. तो आता चिपमध्ये असतो. व्वा. यूआय बदलला, टेबल तेच.

शाळेत तर डिफॉल्ट व्हॅल्यू मुलांच्या डोक्यात भरतात. १९८० च्या लष्करी बंडानंतर जनरल लोकांनी १९८२ ची राज्यघटना आणली, तिच्या चोविसाव्या कलमात 'धार्मिक संस्कृती आणि नीतिज्ञान' हा विषय शाळेत सक्तीचा केला. पुन्हा लक्षात घ्या, जनरल लोकांनी. ज्यांना आपले पेपरवाले सेक्युलॅरिझमचे पहारेकरी म्हणायचे. विषयाचं नाव कसं छान गोंडस, पण शिकवायचं सुन्नी इस्लाम, वजू आणि नमाजासकट. ख्रिश्चन आणि ज्यू मुलांना सूट. अलेवी मुलांना नाही, कारण ते तर मुसलमानच! याच काळात अलेवी खेड्यांमध्ये कोणी न मागितलेल्या मशिदी बांधायची मोहीम निघाली. हसन झेंगिन आणि त्यांची मुलगी एयलेम कोर्टात गेले, ऑक्टोबर २००७ मध्ये जिंकले. सरकारने पुस्तकांत अलेवींवर थोडी पानं वाढवली. दुसरे पालक गेले, सप्टेंबर २०१४ मध्ये पुन्हा जिंकले. मग एप्रिल २०१६ मध्ये त्याच न्यायालयाच्या सतरा न्यायाधीशांच्या ग्रँड चेंबरसमोर २०३ अलेवींची मोठी केस आली, इझ्झेत्तिन दोआन आणि इतर. तिथे निकाल असा, की अलेवींना धार्मिक सेवा नाकारणं हा धर्मस्वातंत्र्याचा भंग आहे आणि भेदभावही आहे.

म्हणजे २००७ पासून २०१६ पर्यंत एकाच देशाविरुद्ध, एकाच समाजाच्या बाजूने, पाच निकाल. आपल्याकडे एका बगवर क्लायंटने पाच वेळा तिकीट उघडलं तर मॅनेजर रात्री झोपू देत नाही.

आता यावर जे तीन युक्तिवाद ऐकू येतात त्यातला पहिला, म्हणजे "ते आमचेच भाऊ, त्यांना वेगळं का काढता?" हा मी एका ओळीत निकालात काढतो: भाऊ असतील तर लाइट बिल भरा.

दुसरा जास्त सभ्य वाटतो. धर्म खासगी गोष्ट आहे, घरात काय करायचं ते करा, सरकारी शिक्का कशाला हवा? हे वाक्य ज्याच्या धर्माला पगार, इमारत, सुट्टी आणि पाठ्यपुस्तक सगळं आधीच मिळालेलं असतं तोच म्हणतो, हे एकदा तपासून बघा. आणि दुसरं असं की अलेवींनी शतकानुशतकं हेच केलंय. घरात, रात्री, दाराशी पहारा ठेवून जेम केले. त्याचं फळ काय मिळालं? लपून करतात म्हणजे काहीतरी घाण करत असणार, अशी अफवा. 'मेणबत्ती विझली' नावाची एक शिवी तुर्की भाषेत आहे. अर्थ असा, की अलेवी जेममध्ये दिवे घालवतात आणि मग नातं न बघता... पुढचं मी लिहीत नाही. ही अफवा इतकी चिवट की डिसेंबर २००७ मध्ये जर्मनीतल्या 'टाटोर्ट' या लोकप्रिय पोलिसी मालिकेच्या एका भागात अलेवी कुटुंबात बापाने मुलीवर केलेला अत्याचार दाखवला, आणि कोलोनच्या रस्त्यावर हजारो अलेवी उतरले. जर्मन लेखकांना बहुधा कळलंच नसेल आपण कुठल्या जखमेवर बोट ठेवलं. हजारो मैल दूर, चारशे वर्षं जुनी शिवी, रविवारी रात्री टीव्हीवर!

तर लपून राहण्याने कोणी वाचत नाही. डिसेंबर १९७८ मध्ये मराश शहरात अलेवींच्या घरांवर आधी खुणा केल्या गेल्या आणि मग घरात घुसून माणसं मारली. सरकारी आकडाही शंभराच्या वर. १९८० मध्ये चोरुम. आणि २०१२ मध्ये अदियामानला अलेवींच्या घरांवर पुन्हा खुणा उमटल्या. कोणीतरी म्हणालं, पोरांचा खेळ असेल. मराश आठवणाऱ्या म्हातारीला सांगा हे.

आणि सिवास. इथे थोडं थांबू या.

२ जुलै १९९३, शुक्रवार. सिवास शहरात पीर सुलतान अब्दालच्या नावाने महोत्सव भरला होता. हा सोळाव्या शतकातला अलेवी कवी, याच शहरात फासावर गेलेला. देशभरातून कवी, लेखक, साझवादक, सेमाह करणारी तरुण मुलं-मुली आली होती. लेखक अझीझ नेसिनही होते. त्यांच्या पुढाकाराने एका दैनिकात सलमान रश्दीच्या कादंबरीचे काही भाग छापून आले होते, त्याचा राग लोकांत होताच. दुपारच्या नमाजानंतर जमाव निघाला आणि मादीमाक हॉटेलला वेढा पडला. तास गेले. पोलीस होते, सैन्य होतं, राजधानीला फोन होत होते. संध्याकाळी हॉटेल पेटवलं. महोत्सवाला आलेले तेहतीस जण आणि हॉटेलचे दोन कर्मचारी गेले. त्यात समीक्षक आसिम बेझिर्जी होते, कवी मेतिन आल्तिओक होते, बावीस वर्षांचा साझवादक हसरेत गुल्तेकिन होता. सगळ्यात लहान मुलगा बारा वर्षांचा होता. नेसिन वाचले. हल्लेखोरांपैकीही दोघं मेले.

पुढची गोष्ट त्या दिवसाइतकीच भयानक आहे. त्याच इमारतीत खाली वर्षानुवर्षं कबाबचं रेस्टॉरंट चालू होतं. हो, कबाब. मेलेल्यांच्या नातेवाइकांची मागणी एवढीच, की इथे म्युझियम करा, काय झालं ते लिहून ठेवा. २०११ मध्ये सरकारने तिथे 'विज्ञान आणि संस्कृती केंद्र' केलं आणि आत नावांची पाटी लावली. त्या पाटीवर जाळले गेलेल्यांच्या यादीतच मेलेल्या दोन हल्लेखोरांचीही नावं घातली. २०१२ मध्ये फरार आरोपींवरचा खटला मुदत संपली म्हणून बंद झाला. २०२० मध्ये जन्मठेपेतल्या एका म्हाताऱ्या कैद्याला राष्ट्राध्यक्षांनी तब्येतीच्या कारणावरून सोडलं. आरोपींचे वकील म्हणून उभे राहिलेल्यांपैकी काही पुढे संसदेत पोचले. आणि मे २०१३ मध्ये बॉस्फरसवरच्या तिसऱ्या पुलाचं नाव जाहीर झालं: यावुझ सुलतान सलीम. तोच सलीम. करोडो लोकांच्या देशात नाव सुचायला दुसरा सुलतान मिळाला नाही! अलेवींनी विरोध केला, २०१६ मध्ये पूल त्याच नावाने सुरू झाला. त्याआधी २०१३ मध्येच नेवशेहिर विद्यापीठाला हाजी बेक्ताशचं नाव देऊन झालं होतं. घ्या, बॅलन्स झाला.

म्हणून मी म्हणतो, मान्यता ही काही मनाच्या समाधानाची वगैरे गोष्ट नाही. कायद्यात तुम्ही 'आहात' की नाही यावर पोलीस तुमच्या हॉटेलबाहेर काय करतील ते ठरतं.

तिसरा युक्तिवाद सगळ्यात चलाख: "आधी तुम्ही आपसात ठरवा तुम्ही कोण ते, मग बघू." हे खरंय की अलेवींचं एकमत नाही. काहींच्या मते अलेवी हाच खरा, मूळ इस्लाम. काहींच्या मते तो इस्लामबाहेरचा स्वतंत्र धर्म. काहींसाठी ती जीवनपद्धती आहे, डाव्या विचारांच्या जवळची. दोआन यांच्या गटाला सरकारकडून देद्यांना पगार मिळावा असं वाटत होतं, तर मोठे महासंघ म्हणतात दियानेतच बंद करा, आम्हाला तिच्यात वाटा नको. मी मनाने दुसऱ्या बाजूचा. पण मुद्दा असा, की सुन्नींना कोणी विचारलंय का, आधी तुमच्या सगळ्या पंथांचं एकमत करून या? कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांशी सहमत झाल्यावर मग युरोपात चर्चला मान्यता मिळाली काय? एकमताची अट फक्त दुबळ्याला घालतात. २००९-१० मध्ये सरकारने 'अलेवी खुलेपणा' म्हणून सात कार्यशाळा भरवल्या, अहवाल काढला. जेमेवीला प्रार्थनास्थळाचा दर्जा काही त्यातून निघाला नाही.

आता परदेश. इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची आणि (निदान मला) जास्त रंजक आहे.

१९६१ च्या करारानंतर तुर्की कामगार जर्मनीत गेले, त्यात अलेवी भरपूर. मराशनंतर आणि १९८० च्या बंडानंतर आश्रय मागायला आणखी आले. सुरुवातीला तिथेही ते गप्पच होते, शेजारचे सुन्नी तुर्क काय म्हणतील म्हणून. १९८९ मध्ये हॅम्बुर्गला काही जणांनी पहिल्यांदा जाहीरपणे 'अलेवी' नावाने कार्यक्रम केला आणि एक जाहीरनामा काढला. दुसऱ्या वर्षी तसाच जाहीरनामा तुर्कस्तानात 'जुम्हुरियेत' दैनिकात छापून आला. सिवासनंतर जर्मनीतल्या संघटनांचे सभासद भराभर वाढले. आज तिथे अलेवी पाच लाखांहून जास्त असावेत असा अंदाज आहे.

जर्मन राज्यघटनेच्या सातव्या कलमात शाळेत धर्मशिक्षणाची तरतूद आहे, पण ते त्या त्या धर्मसमाजाच्या तत्त्वांप्रमाणे द्यायचं. अलेवींनी नेमका हा धागा पकडला. २००२ मध्ये बर्लिनच्या शाळांत अलेवी धर्माचे तास सुरू झाले, मग बाडेन-व्युर्टेम्बर्ग, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया, बव्हेरिया. २०१२ मध्ये हॅम्बुर्ग राज्याने त्यांच्याशी रीतसर करार केला. आणि डिसेंबर २०२० मध्ये नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाने त्यांना सार्वजनिक कायद्याखालच्या महामंडळाचा दर्जा दिला, जो तिथल्या मोठ्या चर्चना आहे. कोलोन शहरात एका बाजूला दियानेतशी जोडलेली भव्य मशीद (२०१८ मध्ये उद्घाटनाला खुद्द एर्दोआन), आणि त्याच शहरात अलेवी महासंघाचं मुख्यालय. अंकारातल्या अलेवी मुलाला सुन्नी धडा सक्तीचा, आणि त्याच्या कोलोनमधल्या चुलतभावाला अलेवी शिक्षक, अलेवी पुस्तक, अलेवी मार्क!

पण जर्मनीच्या आरत्या ओवाळायच्या आधी त्याची किंमतही बघा. जर्मन फॉर्म चर्चला समोर ठेवून बनवलाय. तुमचे सभासद किती, घटना काय, तत्त्वं लेखी द्या, अधिकृतपणे बोलणारं मंडळ कोणतं. अलेवी परंपरा तोंडी. ती देद्यांच्या घराण्यांतून आणि साझच्या पदांतून चालत आलेली. देदे गावोगाव फिरायचा, थंडीत यायचा, भांडणं सोडवायचा. त्या सगळ्याचा आता सिलॅबस झाला, इयत्तेप्रमाणे. आणि कमिटीचा निवडून आलेला अध्यक्ष मोठा की घराण्याचा देदे मोठा, हा नवाच वाद. ऑस्ट्रियात तर आणखी मजा. तिथे २०१३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली ती स्वतःला इस्लामी म्हणवणाऱ्या अलेवी गटाला, आणि इस्लामबाहेरचे म्हणवणाऱ्यांना कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. म्हणजे परदेशातही ड्रॉपडाउन आहेच. फरक एवढाच, की तिथे नवीन पर्याय घालायची रिक्वेस्ट टाकता येते आणि ती कधीतरी मंजूरही होते. माझ्या मते ही किंमत मोजण्यासारखी आहे. लेखी केल्याने थोडं मरतं, न केल्याने शहरात वाढलेल्या तिसऱ्या पिढीत सगळंच मरतं.

मायदेशात मात्र धाडस एकट्यादुकट्यालाच करावं लागतं. एप्रिल २०२३ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर केमाल किलिचदारोग्लूने टेबलाशी बसून एक छोटा व्हिडिओ केला आणि सांगितलं, मी अलेवी आहे. तुंजेलीत जन्मलेला माणूस, तेरा वर्षं मुख्य विरोधी पक्षाचा नेता, सगळ्या देशाला माहीत होतं. तरीही ते वाक्य बोलायला चौऱ्याहत्तरावं वर्ष उजाडावं लागलं. व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी पाहिला. २८ मे ला तो हरला, जवळजवळ ४८ टक्के मतं घेऊन. एवढी मतं मिळाली म्हणून खूश व्हायचं की त्याच्याच आघाडीत 'अलेवी उमेदवार जिंकेल का' अशी कुजबुज चालली होती म्हणून खंतावायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि सरकारचं उत्तर तर त्याच्या आधीच येऊन गेलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने 'अलेवी-बेक्ताशी संस्कृती आणि जेमेवी' नावाचं खातं निघालं. जेमेवीचं लाइट बिल भरणार, तिथे काम करणाऱ्यांना पगार देणार. स्ट्रासबूर्गला दाखवायला झकास. फक्त जेमेवीला प्रार्थनास्थळ म्हणायची तयारी अजून नाही, आणि खातं ठेवलंय संस्कृती आणि पर्यटन मंत्रालयाखाली. मोठ्या अलेवी महासंघांनी ते धुडकावलं, आम्ही लोकनृत्य नाही म्हणाले.

तसा पर्यटन खात्याशी अलेवींचा परिचय जुना आहे म्हणा. हाजी बेक्ताशचा मठ १९६४ पासून म्युझियम आहे. त्याची कबर तिथेच आत आहे, आणि अनेक वर्षं आपल्याच पीरापुढे डोकं टेकवायला आलेल्या माणसाला आधी खिडकीवर तिकीट काढावं लागायचं.